तिकिटावर न्यायालय आले, तळे कधी येणार?

आमचे थोरले चुलते वारले तेव्हा गावच्या घरातली त्यांची लोखंडी पेटी माझ्या वाट्याला आली. पेटीत मौल्यवान असे काहीच नव्हते. ‘प्रबुद्ध भारत’चे जीर्ण झालेले चार-दोन अंक, जमिनीच्या दाव्याचे कागद, काच फुटलेला बाबासाहेबांचा फोटो आणि सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. ही पत्रे माझ्या वडिलांनी मुंबईहून आपल्या थोरल्या भावाला पाठवलेली. वडील गिरणीत बदली कामगार. राहायला वरळीच्या बी.डी.डी. चाळीत. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचे ते अक्षर, मोठे आणि उजवीकडे कललेले.

गठ्ठ्यातल्या एका पाकिटावर माझी नजर थांबली. पाकीट सप्टेंबर १९६२ चे. वरचे टपाल तिकीट १५ नये पैशांचे. आणि तिकिटावर चित्र कशाचे? मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीचे!

आत पत्र होते. ‘तीर्थरूप दादा यांस सप्रेम जयभीम’ अशी सुरुवात. मग आजीच्या गुडघेदुखीची चौकशी, मनीऑर्डर पोचली की नाही, भाताचे पीक कसे आहे, आणि अगदी शेवटी एक ओळ : नव्या विहिरीवर आपल्या बायकांना पाणी भरू देतात का, ते कळवावे.

आमचे गाव महाड तालुक्यातले. गावाचे नाव येथे घेत नाही, कारण अशी गावे तेव्हा एक नव्हती, शेकडो होती. वाचकहो, सालाचा हिशेब करून पाहा. १९६२ साली चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला ३५ वर्षे झाली होती. त्या तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाने निकाल दिला त्याला २५ वर्षे झाली होती. संविधान लागू होऊन १२ वर्षे आणि अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा होऊन ७ वर्षे झाली होती. आणि त्याच महाड तालुक्यातला एक गिरणी कामगार आपल्या भावाला विचारत होता, आपल्या बायकांना पाणी भरू देतात का?

वडिलांनी ते तिकीट जाणूनबुजून लावले नसणार. पोस्टातल्या माणसाने फाडून दिले, त्यांनी थुंकी लावून चिकटवले. पण पाकिटाच्या वर न्यायालय आणि पाकिटाच्या आत विहीर, हे चित्र मला काही स्वस्थ बसू देईना. म्हणून या तिकिटाची आणि त्यावरच्या न्यायालयाची आमच्या बाजूने उजळणी करायची ठरवली.

शताब्दी कोणाची?

ब्रिटिश पार्लमेंटने १८६१ साली कायदा केला आणि त्यानुसार १८६२ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे उच्च न्यायालये सुरू झाली. मुंबईचे उच्च न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ पासून काम करू लागले. सर मॅथ्यू सॉस हे पहिले मुख्य न्यायाधीश. बरोबर शंभर वर्षांनी, १९६२ साली, भारतीय टपाल खात्याने या तिन्ही न्यायालयांवर प्रत्येकी १५ नये पैशांची स्मारक तिकिटे काढली. मुंबईचे तिकीट १४ ऑगस्ट १९६२ रोजी निघाले. पुढे १९६६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या शताब्दीचेही तिकीट आले. उच्च न्यायालयाची जयंती आली की तिकीट काढायचे, अशी रीतच पडली.

या तिकिटात एक गंमत आहे. शताब्दी होती संस्थेची, चित्र छापले इमारतीचे. १८६२ साली ही इमारत नव्हतीच! कर्नल जे. ए. फुलर यांच्या आराखड्यानुसार तिचे काम १८७१ साली सुरू झाले आणि १८७८ साली पूर्ण झाले. म्हणजे तिकीट निघाले तेव्हा इमारतीला ८४ वर्षे झाली होती. पण संस्थेचे चित्र काढायचे तर काय काढणार? दगडी भिंती, उंच मनोरे आणि वर न्याय व दया यांचे पुतळे, हेच डोळ्यांना दिसते. आत काय चालते ते तिकिटावर मावत नाही.

त्या इमारतीतल्या एका खांबावर एक माकड कोरलेले आहे. हातात न्यायाचा तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी! बांधकामाच्या वेळी एका कंत्राटदाराने दाव्यात हरल्याचा राग असा दगडात काढला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, आम्हाला त्या माकडाचे महत्त्व वेगळेच वाटते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी असेल तर समोरचा ब्राह्मण की महार हे दिसत नाही. दोन्ही डोळे उघडे असतील तर ब्राह्मणाचा वाडा आणि महाराची झोपडी दोन्ही दिसतात. पण एक डोळा उघडा आणि एक झाकलेला असेल तर? या देशातल्या बहुजनांना न्यायाचा जो अनुभव येत आला, तो बऱ्याचदा या तिसऱ्या प्रकारचा आहे.

वकील बाबासाहेब आणि प्रतिवादी बाबासाहेब

या इमारतीशी बाबासाहेबांचे नाते दुहेरी आहे. १९२३ साली लंडनहून परतल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, बॅरिस्टरीची सनद, एवढे सगळे असलेल्या या महामानवाकडे सनदेचे शुल्क भरायला पैसे नव्हते. त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी ते दिले. वकिली सुरू झाली तरी खटले मिळेनात, कारण सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरच्या हाती काम द्यायला तयार नव्हती. ज्ञानाला जात नसते म्हणतात. वकीलपत्राला मात्र होती!

हे झाले वकील बाबासाहेब. या न्यायालयाच्या दप्तरात त्यांचे नाव आणखी एका नात्याने कायमचे नोंदले गेले आहे. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. होय, प्रतिवादी म्हणून! हाच चवदार तळ्याचा खटला.

घटनाक्रम आपल्याला पाठ असायला हवा, म्हणून थोडक्यात सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला की, सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी त्याला अनुसरून आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यायले आणि कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आणला. उत्तर म्हणून आमच्या लोकांची डोकी फुटली आणि तळ्याची पंचगव्याने ‘शुद्धी’ झाली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द करून टाकला!

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा स्पृश्य मंडळींनी काठ्या बाजूला ठेवून कायद्याचे पुस्तक हातात घेतले. १२ डिसेंबर १९२७ रोजी दावा दाखल झाला आणि दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. अस्पृश्यांनी तळ्याला हात लावू नये. किती तत्पर न्याय! मनाईहुकूम मिळायला दोन दिवस लागले. अंतिम निकाल लागायला नऊ वर्षे तीन महिने.

२५ डिसेंबरला हजारो माणसे महाडला जमली होती. तुरुंगात जायची तयारी ठेवून आली होती. बाबासाहेबांनी त्यांना समजावले. सरकार आपल्या विरोधात नाही, दावा न्यायालयात आहे, तेथेच तो जिंकू. लोकांनी ऐकले. तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. आणि त्याच परिषदेत २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृतीचे दहन केले!

या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. आंबेडकरी माणसाने न्यायालयाचा मनाईहुकूम पाळला आणि मनूचा कायदा जाळला. आजही आम्हाला कायदा शिकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. या देशात कायद्याच्या राज्यावर सर्वांत मोठा विश्वास कोणी दाखवला असेल, तर तो महाडला तहानलेल्या अवस्थेत परत फिरलेल्या त्या माणसांनी.

निकालाने काय सांगितले, काय सांगितले नाही

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाईहुकूम उठला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायाधीशांनी स्पृश्यांचा दावा फेटाळला. त्यांनी ठाण्याला अपील केले, ते ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. मग प्रकरण मुंबईला, त्या तिकिटावरच्या इमारतीत आले. न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला. सत्याग्रहाला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते. हे ब्रूमफिल्ड म्हणजे ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली, तेच.

आपण जिंकलो. पण कशावर जिंकलो? हा प्रश्न आपल्या सभांमध्ये फारसा विचारला जात नाही. १७ मार्चला आपण ‘न्यायालयाने पाण्याचा हक्क दिला’ असे सांगतो आणि पुढच्या वक्त्याकडे माइक देतो. निकाल वाचला तर गोष्ट जरा वेगळी दिसते.

तळे नगरपालिकेचे आहे, खाजगी नाही, हे खालच्या न्यायालयांत ठरले होते. मग स्पृश्यांच्या हाती एकच हत्यार उरले. रिवाज! अस्पृश्यांनी या तळ्यावर कधीच पाणी भरले नाही, अनादी काळापासून हाच रिवाज आहे, आणि रिवाज हाच कायदा, असे त्यांचे म्हणणे. कायद्यात रिवाजाला मान्यता मिळायची तर तो अनादी काळापासूनचा, निश्चित आणि वाजवी असावा लागतो. सार्वजनिक हिताच्या विरुद्धही नसावा. आणि जो रिवाज सांगतो, त्यानेच तो सिद्ध करायचा असतो.

उच्च न्यायालयाने सांगितले की असा अनादी रिवाज वादींना सिद्ध करता आला नाही. साक्षीदार सांगणार आपल्या आठवणीतले. तळे स्पृश्यांच्या घरांनी वेढले जाण्यापूर्वी तेथे कोणी कोणाला पाण्यापासून अडवले असेल, असे मानायला आधार नाही. देवळाचा प्रश्न असता तर गोष्ट वेगळी, पण हे तर नगरपालिकेचे तळे. अपील फेटाळले.

आणि तो रिवाज सिद्ध झाला असता तर? तो अवाजवी आहे का, सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे का, याचा विचार करावा लागला असता. पण सिद्धच झाला नाही, म्हणून तो प्रश्न उद्‌भवत नाही, असे म्हणून न्यायालय तेथेच थांबले!

बांधवांनो, येथे थोडे थांबा. माणसाला पाण्यापासून अडवणे हा अन्याय आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. अडवण्याचा हक्क पुरेसा जुना आहे हे सिद्ध झाले नाही, एवढेच म्हटले. उद्या एखाद्या दुसऱ्या गावचा पाटील चार पिढ्यांचे कागद घेऊन आला असता, तर काय झाले असते कोण जाणे!

ही भीती अनाठायी नव्हती. याच मुंबई उच्च न्यायालयाने १८८३ साली एका देवळाच्या दाव्यात चित्पावन ब्राह्मणांचा गाभाऱ्यातील पूजेचा खास हक्क पळशे ब्राह्मणांविरुद्ध मान्य केला होता. ब्राह्मणाने ब्राह्मणाला अडवले, तेही कायद्याने हक्क म्हणून! १९०८ साली प्रिव्ही कौन्सिलने मद्रास इलाख्यातल्या कमुदीच्या देवळात नाडरांना प्रवेशबंदी करणारा रिवाज उचलून धरला. इंग्रजांचे कोर्ट निःपक्षपाती, असे आपल्याला सांगितले जाते. ते निःपक्षपातीपणे रिवाज मोजत होते. पण रिवाज बनवले कोणी?

बाबासाहेबांनी प्रश्नच बदलून टाकला

नऊ वर्षे प्रतिवादी म्हणून उभे राहिलेल्या माणसाला न्यायालयाची ताकद कळली, तशी मर्यादाही कळली असली पाहिजे. संविधान वाचताना मला तर महाडचा खटला पानोपानी दिसतो.

कलम १३ पाहा. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा रद्दबातल, आणि ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि परिपाठही येतात. म्हणजे रिवाज कितीही जुना असो, तो माणसाच्या हक्काआड येत असेल तर त्याचे वय विचारायचे कारणच उरले नाही! कलम १५ पाहा. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात जातीच्या कारणाने कोणालाही अडवता येणार नाही. ‘तळी’ हा शब्द देशाच्या राज्यघटनेत आहे. जगातल्या किती राज्यघटनांत विहिरी आणि तळी आली असतील? आमच्या राज्यघटनेत ती आहेत, कारण आमच्या देशात पाण्यालाही जात होती. आणि कलम १७, अस्पृश्यता नष्ट करणारे, संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारले.

१९३७ साली न्यायालय ज्या प्रश्नापाशी थांबले, त्याचे उत्तर प्रतिवादी क्रमांक एकने स्वतः देशाच्या संविधानात घातले. खटला जिंकून जे मिळाले नाही, ते संविधानाने मिळवून दिले.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

मग १९६२ साली माझ्या वडिलांना ती ओळ का लिहावी लागली? कारण कायदा बदलला तरी पुराव्याचे ओझे हळूच आमच्या डोक्यावर सरकवले गेले.

१९३७ साली ओझे स्पृश्यांवर होते. तुमचा रिवाज सिद्ध करा! त्यांना जमले नाही, म्हणून ते हरले. आज आम्हाला सांगितले जाते, तुमच्यावर झालेला अन्याय जातीमुळे झाला हे सिद्ध करा!

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा शाबीत धरला नाही. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची सक्तमजुरी दिली आणि हा प्रकार जातीय द्वेषाचा नसून सूडाचा असल्याचे मानले. फाशी असावी की नसावी, हा वेगळा वाद आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे. गावात एका बौद्ध कुटुंबाने मान वर करून जगणे, मुलीने शिकणे, याचा ‘सूड’ उगवावासा वाटतो, तेव्हा त्या सुडाच्या मुळाशी काय असते? तळ्याभोवतीच्या रिवाजाची बारीक तपासणी करणारे न्यायालय गावातल्या जातीची तेवढी बारीक तपासणी का करत नाही?

उत्तराचा एक भाग असा की तपासणारे कोण आहेत, हेही पाहावे लागते. केंद्र सरकारने २०२५ साली संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांपैकी २२ अनुसूचित जातींचे आणि १६ अनुसूचित जमातींचे होते. याच मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेले, अमरावतीचे भूमिपुत्र भूषण गवई हे मे २०२५ मध्ये देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले, याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. पण त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला भर न्यायालयात त्यांच्या दिशेने बूट भिरकावण्याचा प्रयत्न झाला. एक माणूस सर्वोच्च आसनावर बसला म्हणून व्यवस्था बदलली, असे समजणाऱ्यांना हे उत्तर होते.

दुसरा भाग प्रतीकांचा. १९८९ साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूरच्या आवारात मनूचा पुतळा बसवला गेला. महाडला मनुस्मृती जाळली त्याला तेव्हा ६२ वर्षे झाली होती! त्याच वर्षी तेथील न्यायमूर्तींनी तो हटवण्याचा ठराव केला, त्यावर याचिका झाली, स्थगिती मिळाली आणि प्रकरण अनेक दशके लोंबकळत पडले. सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात वकिलाच्या वेशातील बाबासाहेबांचा पुतळा उभा राहायला २६ नोव्हेंबर २०२३ उजाडावे लागले. मनूला जागा आधी मिळाली, संविधानकर्त्याला नंतर.

तिकिटाने काय होणार?

कोणी म्हणेल, पाण्याचा, शिक्षणाचा, नोकरीचा प्रश्न पेटलेला असताना तिकिटाचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. तिकिटाने पोट भरत नाही. पण राज्यसंस्था काय लक्षात ठेवते आणि काय विसरते, हे तिच्या तिकिटांवरून कळते.

मुंबई उच्च न्यायालयाची इमारत १९६२ साली तिकिटावर आली. बाबासाहेब पहिल्यांदा तिकिटावर आले १४ एप्रिल १९६६ रोजी, महापरिनिर्वाणानंतर दहाव्या वर्षी. क्रांतिबा फुले आले १९७७ साली. छत्रपती शाहू महाराज १९७९ साली. आणि या देशातल्या मुलींसाठी शाळेचे दार उघडणाऱ्या सावित्रीमाई १९९८ साली! इंग्रजांनी बांधलेली इमारत आधी, आमची माणसे नंतर. हा क्रम काय सांगतो ते वेगळे समजावून द्यायला नको.

मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या खटल्यातील उद्‌गारांची संगमरवरी पाटी आहे. मुख्य न्यायाधीश छगला यांनी १९५६ साली तिचे अनावरण केले. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. राजद्रोहाच्या खटल्याची आठवण ठेवलीच पाहिजे. पण ज्या खटल्यात एका माणसाने नऊ वर्षे उभे राहून माणसाचा पाण्यावरचा हक्क राखला, त्याची आठवण त्याहून लहान आहे काय?

२० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. १७ मार्च २०३७ रोजी उच्च न्यायालयाच्या निकालाला शंभर वर्षे पूर्ण होतील. उच्च न्यायालयांच्या शताब्दीची तिकिटे निघाली, मग उच्च न्यायालयाच्या या निकालाच्या शताब्दीचे तिकीट का निघू नये? त्यावर एका बाजूला न्यायालयाची इमारत असावी, दुसऱ्या बाजूला तळे आणि पाण्याकडे वाकलेली एक ओंजळ. तेव्हा कुठे न्यायालयाचे चित्र पुरे होईल.

स्मारक तिकिटाचा प्रस्ताव टपाल खात्याकडे कोणीही नागरिक पाठवू शकतो. फिलाटेलिक सल्लागार समिती त्यावर विचार करते. प्रस्ताव बराच आधी जावा लागतो, म्हणून आयत्या वेळी मोर्चा काढून उपयोग नाही. आपल्या मंडळांनी, बौद्धजन पंचायतींनी, वकील संघटनांनी, विद्यार्थी संघटनांनी आतापासून ठराव करून पाठवावेत. आणि ठराव करताना एक काम आणखी करावे. तो निकाल मराठीत वाचावा, वाचून दाखवावा. दर १७ मार्चला कोणीतरी उभे राहून लोकांना सांगावे की आपण काय जिंकलो, आणि काय जिंकायचे बाकी राहिले. नुसत्या जयजयकाराने खटला समजत नाही.

चुलत्यांचे उत्तर

वडिलांच्या त्या पत्राला चुलत्यांनी काय उत्तर दिले, ते पत्र मला सापडले नाही. पण वडील ते तोंडी सांगत. चुलते गावच्या प्रमुखांकडे गेले आणि म्हणाले, विहीर सरकारी पैशातून झाली आहे, आमच्या बायकांना पाणी भरू द्या. त्यावर उत्तर मिळाले, “विहीर सरकारची आहे, तुम्ही खुशाल या. पण पोहरा आणि दोर आमचा आहे, त्याला हात लावायचा नाही.”

बघा, कसे कायदेशीर उत्तर आहे! संविधान पाळले, कायदा पाळला आणि बायका रिकाम्या हंड्याने परत आल्या. हा माणूस न्यायालयात गेला असता तर म्हणाला असता, मी कोणाला अडवलेच नाही. आणि आम्हाला सिद्ध करावे लागले असते की अडवले.

चुलत्यांनी न्यायालय गाठले नाही. तेवढे पैसे नव्हते. वाड्यातल्या घरांनी वर्गणी काढून महाडच्या बाजारातून नवा पोहरा आणि वीस हात दोर आणला. पहिल्या दिवशी माझ्या आजीने, दुखऱ्या गुडघ्यांनी, पोहरा विहिरीत सोडला. काठावर दहा-बारा माणसे नुसती बघत उभी होती. कोणी काही बोलले नाही. हंडा भरला. पुढे नळ आला आणि विहिरीचे भांडण आपोआप मिटले. जात काही मिटली नाही, ती नळाच्या रांगेत येऊन उभी राहिली.

ते पाकीट मी जपून ठेवले आहे. तिकीट संग्राहकांच्या बाजारात त्याला फार किंमत येणार नाही, कारण अशी तिकिटे तेव्हा भरपूर छापली गेली. पण त्याच्या वरच्या चित्राने आतल्या ओळीला अजून पूर्ण उत्तर दिलेले नाही. ते मिळेपर्यंत पाकीट माझ्याकडेच राहील.

जयभीम!